अंगठ्याची बिस्किटं

आमच्या तळघरात खाण्याचा पदार्थ आणायला सक्त बंदी आहे. खाण्यामागे मुंग्या येतात, मुंग्यांमागे आणखी काय काय येतं, आणि त्यातल्या कुणालाच हजार वर्षांपूर्वीची लाकडी पेटी आणि कालचा पाव यांतला फरक कळत नाही. आमचं काम वस्तुसंग्रहालयातल्या फुटक्या वस्तू दुरुस्त करण्याचं. वरच्या मजल्यावर लोक काचेपलीकडची अखंड सुरई बघून तोंडात बोटं घालतात, ती खाली आली तेव्हा चौसष्ट तुकड्यांत होती. ते तुकडे मी जोडले. म्हणून मला सगळे डिंकराव म्हणतात. मला ते आवडतं का, असं एकवीस वर्षांत कुणी विचारलेलं नाही.

या बंदीला वर्षातून एकदा सूट मिळते. हिवाळ्याच्या सुट्ट्या लागण्याआधीच्या शेवटच्या दिवशी, दुपारी चार वाजता, सामान बांधायच्या मोठ्या टेबलावर पांढरा कागद अंथरला जातो आणि ज्याने त्याने घरी भाजून आणलेलं त्यावर मांडायचं असतं. विभागप्रमुख बाई त्यासाठी रीतसर परवानगीचा अर्ज लिहितात. अर्ज त्या स्वतःलाच करतात, मंजूरही स्वतःच करतात, आणि मग फाइलला लावतात. बाईंनी एकतीस वर्षांच्या नोकरीत कुठल्याही कागदावरचा एकही रकाना रिकामा सोडलेला नाही. माहिती नसेल तर त्या 'अज्ञात' असं लिहितात, पण लिहितात.

चार वाजताच्या टेबलाचा नियम एकच: विकतचं चालणार नाही. विकतचं आणून वाटणं म्हणजे दुसऱ्याला पाठवून स्वतःचा निरोप सांगणं, असं बाईंचं मत आहे. त्या स्वतः सफरचंदाचा केक करतात आणि पट्टी लावून कापतात. भिंग आल्याची पातळ बिस्किटं आणते. भिंग म्हणजे आमच्याकडची तपासनीस. तिच्या डोळ्यांतून केसाएवढी चीर सुटत नाही, आणि माणसांच्या बाबतीतही तिला ही सवय आहे. दारावरचा पहारेकरी अक्रोड घातलेला पाव आणतो आणि अर्धा स्वतःच खातो. माझ्याकडून येतात ती अंगठ्याची बिस्किटं. लोण्यात मळलेल्या पिठाचा गोळा करायचा, मधोमध अंगठा दाबायचा, खळग्यात थोडा जॅम घालायचा आणि भाजायचं. बायको दर हिवाळ्यात करून द्यायची. बारा वर्षं तिने दिली.

मी गोड खात नाही. त्यामुळे बारा वर्षांत मी तिचं एकही बिस्किट तोंडात घातलं नव्हतं. डबा भरून न्यायचो, रिकामा आणायचो. रिकामा डबा बघून ती इतकी खूश व्हायची की बिस्किटं उत्तमच होत असणार, याबद्दल मला शंका नव्हती. शेवटच्या वर्षी डबा घेऊन ती स्वतः आली होती. शाल गुंडाळून टेबलाशी उभी राहिली आणि प्रत्येकाच्या हातात स्वतः बिस्किट ठेवलं. त्यानंतर चार महिन्यांनी ती गेली.

पुढच्या हिवाळ्यात बाई मला म्हणाल्या, "डिंकराव, या वेळी डबा नसला तरी चालेल हं."

त्यांनी ते मायेने म्हटलं होतं. माझं डोकं मात्र फिरलं. चालेल म्हणजे काय? बारा वर्षं जो डबा होता, तो नसून चालेल?

"डबा आहे," मी म्हणालो. "तिनं मला शिकवलं होतं."

तिने मला काहीही शिकवलं नव्हतं. मी कोपऱ्यावरच्या बेकरीत गेलो, तशीच दिसणारी बिस्किटं आणली आणि कामाला लागलो. नवी वस्तू जुनी दिसावी असं करणं हा माझा पेशाच आहे. बेकरीची बिस्किटं फार गोल होती, म्हणून बारीक कानशीने त्यांच्या कडा जरा वाकड्या केल्या. फार एकसारखी भाजलेली होती, म्हणून दोन-चारांच्या कडा गॅसवर करपवल्या. डब्यात भरली, चार वाजता उघडली आणि म्हणालो, "तिच्या हातचीच समजा." सगळ्यांनी खाल्ली. छान झालीत म्हणाले. नऊ वर्षं मी हेच करत आलो. माझ्या हातची ही सगळ्यात बेमालूम दुरुस्ती, असं मला वाटायचं.

या वर्षी बाई निवृत्त व्हायच्या होत्या. शेवटच्या दिवसाच्या आठवडाभर आधी त्यांनी मला बोलावलं.

"मी बहिणीकडे राहायला जाणार. तिथं करून बघीन म्हणते," त्या म्हणाल्या. "तुमच्या बिस्किटांची कृती मला लिहून द्या. मापासकट."

बेकरीवाल्याला कृती विचारली तर त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याच्या घराची किल्लीच मागितली होती. शेवटी स्वयंपाकघरातले सगळे खण उपसले. तिसऱ्या खणात, दोऱ्यांच्या रिळांखाली, तिच्या अक्षरातली चिठ्ठी सापडली. त्यावर एवढंच होतं: 'मैदा, अंदाजाने. लोणी, मऊ असेल तेवढं. साखर, लोण्याला विचारून. भाजणे, वास येईपर्यंत. मग अजून थोडं.'

ही कृती बाईंना देणं म्हणजे त्यांचा निवृत्तीनंतरचा काळ नासवणं. म्हणून आधी स्वतः करून बघितली. वास येईपर्यंत भाजली, मग अजून थोडी. बाहेर काढून नखाने वाजवली तर खणखणीत आवाज आला. असा आवाज मी चांगल्या भाजलेल्या रांजणाचा ऐकला आहे. एक चावायचा प्रयत्न केला आणि दात सांभाळून खाली ठेवलं. माझंच काहीतरी चुकलं असणार. एकवीस वर्षं तुकडे जोडणाऱ्या माणसाला पीठ जमलं नाही, एवढाच त्याचा अर्थ मी काढला.

शेवटच्या दिवशी सकाळी पिशवीत दोन डबे घातले. एकात बेकरीची, कानस मारलेली. दुसऱ्यात माझी खणखणीत. दुसरा का घेतला ते सांगता येणार नाही. टाकवत नव्हती एवढं खरं.

त्या दिवशी सुट्टीआधीचं आणखी एक काम होतं. आमच्याकडे कोपऱ्यात एक कपाट आहे, त्यात ओळख न पटलेल्या वस्तू असतात. एका खोदकामात सापडलेली साडेचारशे खापरं त्यात नऊ वर्षं पडून होती. ती आता खोक्यांत भरून लांबच्या गोदामात जायची होती. दुपारी गाडी येणार. त्या गोदामात गेलेली वस्तू परत बाहेर आल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

बाई नोंदवही वाचत होत्या, मी तो नग कपाटातून काढून दाखवत होतो, भिंग तो कापसात गुंडाळून खोक्यात ठेवत होती. चारशे सोळापर्यंत सगळं सुरळीत चाललं.

"नग क्रमांक चारशे सतरा," बाईंनी वाचलं. "भाजलेल्या मातीची चकती. मधोमध अंगठ्याचा ठसा. खळग्यात काळपट द्रव्याचा अवशेष, बहुधा तेल. काळ: अज्ञात. उपयोग: छोटा दिवा असावा."

मी ती चकती उचलली आणि ती हलकी लागली. मातीचं वजन माझ्या हाताला डोळे मिटूनही कळतं, आणि ही माती नव्हती. दिव्याखाली धरून बघितली. खळग्यात एका बाजूला सरकलेला काळपट डाग होता. दुसऱ्या बाजूला अंगठ्याचा ठसा स्वच्छ उमटला होता आणि त्यातून एक तिरकी रेघ गेली होती.

लग्न झालं त्याच वर्षी बायकोचा अंगठा डब्याच्या पत्र्याने कापला होता. मीच पट्टी बांधली होती. दोन्ही कडा नीट जुळल्या नाहीत आणि तिरका वण कायमचा राहिला. माझ्या आयुष्यातला बिघडलेला सांधा तो एकच. तो मी कुठेही ओळखला असता.

"आहे?" बाईंनी विचारलं.

"आहे," मी म्हणालो. बाईंनी खूण केली.

खरं तर तिथेच बोलायला हवं होतं. पण बोलायचं काय? हे खापर नसून माझ्या बायकोचं बिस्किट आहे? मग बाई ते वाजवून बघणार, आणि नऊ वर्षं मी आणलेली मऊ, भुसभुशीत बिस्किटं कुणाची, असं विचारणार. आणि चारशे सतराचं बिस्किट असं, माझ्या पिशवीतली बिस्किटंही अशीच, म्हणजे माझं काहीच चुकलं नव्हतं, हे मला त्याच क्षणी उमगलं. तिची बिस्किटं अशीच होती. बारा वर्षं अशीच होती.

भिंग कापूस आणायला वळली, बाईंनी पान उलटलं, आणि मी चारशे सतरा एप्रनच्या खिशात टाकलं. दुसऱ्याच्या वस्तूला हात न लावण्याचा पगार घेणारा मी माणूस.

गाडी आली तेव्हा बाईंनी खोकी बंद करण्याआधी पुन्हा मोजणी केली. एक नग कमी भरला. पुन्हा मोजले, तेव्हाही कमी. बाई म्हणाल्या, "गाडी थांबवा." मग आम्ही कपाट हलवलं, कापूस झटकला, केरसुणी फिरवली. पहारेकरी टेबलाखाली रांगला आणि त्याला त्याचं दोन वर्षांपूर्वी हरवलेलं पेन सापडलं. मीही शोधलं. खिशावर हात ठेवून अर्धा तास शोधलं. याची लाज मला अजून वाटते.

चार वाजले. पांढरा कागद अंथरलेला, त्यावर सगळ्यांचे डबे बंद. बाईंनी 'गहाळ वस्तू' असा छापलेला कागद काढला. हा कागद त्यांनी एकतीस वर्षांत कधी वापरला नव्हता. तो पिवळा पडला होता.

"शेवटचा हात कुणाचा?" त्यांनी रकान्यावर पेन टेकवलं. "गुंडाळत होतीस तू."

"हो," भिंग म्हणाली. "माझं नाव लिहा."

सुट्टीनंतर बाईंच्या खुर्चीवर भिंग बसायची होती. असा कागद फायलीत असेल तर वरचे लोक तिला त्या खुर्चीच्या आसपासही फिरकू देणार नव्हते. भिंगला ते ठाऊक होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती. केसाएवढी चीर जिच्या नजरेतून सुटत नाही, ती भिंग माझा फुगलेला खिसा सोडून सगळीकडे बघत होती.

मी चारशे सतरा काढून पांढऱ्या कागदावर ठेवलं.

"मी घेतलं," मी म्हणालो. "हे खापर नाही, बाई. बिस्किट आहे. माझ्या बायकोचं."

बाईंनी चष्मा बदलला. मग बारीक पात्याने मागच्या बाजूचा कण खरवडला आणि जिभेवर ठेवला.

"बाई, नोंदलेली वस्तू चाखायची नसते," भिंग हळूच म्हणाली.

"गप्प बस." बाईंनी जीभ टाळूला लावून चव घेतली. "लोणी," त्या म्हणाल्या. "आणि साखर."

मग मी सगळं सांगून टाकलं. बेकरी, कानस, गॅस, नऊ वर्षं. डबा पुढे ढकलला आणि म्हणालो, "ही विकतची आहेत. सगळी विकतचीच होती. तिनं मला काही शिकवलं नव्हतं. मी तिची बिस्किटं कधी खाल्लीसुद्धा नव्हती."

"ते माहीत आहे," पहारेकरी म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"विकतची आहेत ते. वहिनींची बिस्किटं चहात बुडवून शंभर मोजावे लागायचे. पुढच्या वर्षी एकदम दातांनी तुटायला लागली. आम्हाला काय कळत नाही होय?"

"कडांना कानशीच्या रेघा असतात," भिंगने भर घातली. "एकाच दिशेच्या. पहिल्याच वर्षी दिसल्या होत्या."

"मग बोलला का नाहीत?"

भिंगने खांदे उडवले. "डबा उघडताना तुम्ही दरवर्षी त्यांची आठवण काढायचात. एरवी वर्षभर त्यांच्याबद्दल अवाक्षर काढायचा नाहीत. म्हटलं, काढू देत." मग तिने चारशे सतराकडे बोट दाखवलं. "आणि ते त्या वर्षी खापरांच्या ट्रेमध्ये मीच ठेवलं होतं. चावेना. त्या समोर उभ्या होत्या, हसत. टाकायला जीव होईना. म्हटलं, नंतर घेऊ. मग सुट्ट्या लागल्या आणि विसरले."

बाईंनी नोंदवही ओढली आणि चारशे सतराचं पान काढलं. अक्षर त्यांचंच होतं. एकतीस वर्षांतली पहिली चूक त्या शांतपणे वाचत होत्या. मग त्यांनी वही माझ्याकडे फिरवली आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. 'लेप देणारा', आणि पुढे माझी सही.

कीड लागू नये म्हणून अशा वस्तूंना आम्ही पातळ लेप देतो, तीन हात. म्हणून तर बिस्किट नऊ वर्षं टिकलं. तो लेप मीच दिला होता. चाळणीत ठेवून, बुडवून, सुकवून, उलटून, तीन वेळा. म्हणजे तिचा अंगठा माझ्या डोळ्यांसमोरून तीनदा गेला आणि मी ओळखला नाही. तारीख बघितली. तेव्हा ती घरी होती. संध्याकाळी घरी गेलो की अंगठ्यासकट समोर असायची. निरखून बघायची गरजच नव्हती. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. पहारेकऱ्याने हात पुसायचं फडकं पुढे केलं, त्याला टर्पेंटाइनचा वास येत होता.

"दुरुस्ती करू," बाई म्हणाल्या आणि पेन उघडलं. जुन्या ओळीवर आडवी रेघ मारून त्या खाली लिहू लागल्या. "वस्तू: बिस्किट. करणारीचं नाव?"

मी पूर्ण नाव सांगितलं. बाईंनी ते जोडाक्षरांसकट नीट विचारून लिहून घेतलं.

"उपयोग: खाण्यासाठी."

"ते सिद्ध झालेलं नाही," भिंग म्हणाली.

बाईंनी विचार केला आणि लिहिलं, 'वाटण्यासाठी.'

मी पिशवीतला दुसरा डबा काढला. "हीसुद्धा तशीच आहेत," मी म्हणालो. "तिच्या चिठ्ठीवरून केलीत. मी केलीत." चहा आला. सगळ्यांनी एकेक बिस्किट उचललं, बुडवलं आणि मोजायला लागले. मीही बुडवलं. ऐंशीपर्यंत मोजलं, मग घाई झाली आणि चावलं. लोणी कळलं, साखर जरा जास्त होती, कडा करपलेल्या. मला आवडलं. एकवीस वर्षं उशिरा आवडलं, याचं वाईट वाटलं.

"हीच," बाई तोंड हलवत म्हणाल्या. "कृती?"

मी चिठ्ठी दिली. बाईंनी ती दोनदा वाचली, स्वतःच्या वहीत उतरवून घेतली आणि मूळ चिठ्ठी मला परत केली. "साखर, लोण्याला विचारून," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "बरं. विचारीन."

चारशे सतरा मात्र अजून कागदावरच होतं. नोंदवहीत एकदा चढलेली वस्तू कुणाला देऊन टाकता येत नाही, हा नियम बाईंनीच केला होता, आणि नोकरीच्या शेवटच्या तासात त्या तो मोडणार नव्हत्या. ते गोदामात जाणार, हे मी गृहीत धरलं. एकदा चोरल्यावर ते मागायची माझी हिंमत नव्हती.

बाईंनी खणातून एक फॉर्म काढला. वस्तू अभ्यासासाठी उसनी न्यायची असेल तर भरायचा तो फॉर्म. त्यांनी माझं नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, नग क्रमांक लिहिला.

"अभ्यासाचा विषय?"

मी चारशे सतरा उचललं आणि खळग्यात माझा अंगठा ठेवून बघितला. बसला नाही. तिचा हात लहान होता.

बाई बघत होत्या. त्यांनी लिहिलं, 'ठसा जुळवणे.'

"किती दिवस लागतील?"

"पुष्कळ लागतील, बाई."

शेवटचा रकाना परतीच्या तारखेचा होता. बाईंनी त्यावर पेन टेकवलं, थोडा वेळ तसंच धरलं आणि उचललं. मग खाली सही केली, पेनाचं टोपण लावलं आणि फॉर्म भिंगकडे दिला. भिंगने तो वरपासून खालपर्यंत बारकाईने तपासला.

"बरोबर आहे," ती म्हणाली आणि रिकाम्या रकान्यासकट फाइलला लावला.